यूकेचा स्पाउस व्हिसा: बायोडेटापासून शेअर कोडपर्यंत

नवरा ब्रिटिश नागरिक आहे किंवा त्याच्याकडे तिथे कायम राहायची परवानगी (आयएलआर) आहे, आणि बायको महाराष्ट्रात आहे, अशा जोडप्यांसाठी हे लिहितेय. नवरा स्किल्ड वर्कर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर असेल तर बायको बहुतेक वेळा डिपेंडंट (त्याच्यावर अवलंबून) म्हणून जाते. तिला इंग्रजीची परीक्षा नाही, नवऱ्याच्या वर्षाला २९,००० पौंड पगाराची अट नाही, आणि खालचं निम्मंशिम्मं तिला लागूच पडत नाही. सल्ले देणारे नातेवाईक या दोन्ही वाटांची सर्रास मिसळ करतात, म्हणून हे आधी सांगितलं. आकडे २०२५ चे आहेत. फी बहुधा एप्रिलात वाढते, तेव्हा पैसे भरायच्या दिवशी गव्ह डॉट यूके ही ब्रिटिश सरकारची वेबसाइट उघडून खात्री करून घ्यावी.

सगळ्याची सुरुवात लग्नाच्या दाखल्यापासून. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याखाली नोंदणी होते: नमुना 'ड' मधला अर्ज, त्यावर १०० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, लग्न लावलेल्या गुरुजींची सही, लग्नपत्रिका, वयाचे आणि पत्त्याचे पुरावे, तीन साक्षीदार. शहरात महापालिकेचं वॉर्ड ऑफिस, गावात ग्रामपंचायत. नवरा, बायको आणि साक्षीदार एकाच दिवशी हजर लागतात, आणि घोडं नेमकं इथेच अडतं, कारण नवऱ्याची सुट्टी तोवर संपत आलेली असते. सत्यनारायण, कुलदैवत आणि मामाकडचं केळवण राहिलंय म्हणून उरकायचं जेवण, या सगळ्यातून एक कामाचा दिवस नोंदणीसाठी आधीच राखून ठेवावा. ९० दिवस उलटले की विलंब शुल्क पडतं. ते किरकोळ असतं, पण सहीसाठी नवऱ्याला पुन्हा विमानाने यावं लागलं तर ते किरकोळ राहत नाही. नवऱ्याचा पासपोर्ट ब्रिटिश असेल तर काही ठिकाणी १९५४ च्या विशेष विवाह कायद्याकडे बोट दाखवतात. तिथे ३० दिवसांची नोटीस आहे, त्यामुळे लग्नाची तारीख धरायच्या आधीच निबंधकांकडे चौकशी केलेली बरी.

दाखला हातात आला की तिथेच उभं राहून वाचायचा, मराठी आणि इंग्रजी दोन्ही मजकूर. दुरुस्ती त्याच दिवशी करून घेणं सोपं, नंतर हेलपाटे. आपल्याकडे नावाची गंमत अशी, की पासपोर्टवर मधलं नाव वडिलांचं, लग्नानंतर बँकेत नवऱ्याचं, आधारवर कधी हे तर कधी ते. व्हिसासाठी काहीही बदलायची गरज नाही. पासपोर्टवर जे आहे त्याच नावाने अर्ज करायचा, आणि 'इतर कोणत्या नावांनी ओळखल्या जाता' या प्रश्नाला सासरचं नाव लिहून टाकायचं. व्हिसाच्या आधी पासपोर्ट बदलायला काढला की दोन-तीन महिने त्यातच जातात. आणि एजंट दाखल्याला अपोस्टिल (परदेशात चालावा म्हणून मारलेला सरकारी शिक्का) करून देतो म्हणाला तर नको म्हणावं. या व्हिसासाठी ते लागत नाही.

आमचा दाखला जानेवारीत मिळाला, अर्ज गेला जूनमध्ये. एवढा वेळ का, तर नवऱ्याने नव्या कंपनीत आधल्या डिसेंबरात पाऊल टाकलेलं होतं. पैशांच्या अटीचा हाच गाभा आहे. ९ जुलै २०१२ ला ब्रिटनने किमान उत्पन्नाची अट आणली, तेव्हा ती १८,६०० पौंड होती. ११ एप्रिल २०२४ पासून ती २९,००० झाली. म्हणजे कर कापायच्या आधीचा महिन्याचा पगार साधारण २,४१७ पौंड. एकाच कंपनीत सहा महिने किंवा जास्त काळ हा पगार असेल तर अर्ज 'कॅटेगरी ए' मध्ये बसतो, आणि ही सगळ्यांत सरळ वाट आहे: सहा महिन्यांच्या पगाराच्या पावत्या, त्याच सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, आणि कंपनीचं पत्र. सहा महिने भरले नसतील तर 'कॅटेगरी बी' आहे, पण त्यात सध्याचा पगारही दाखवायचा आणि मागच्या बारा महिन्यांत प्रत्यक्ष २९,००० मिळवले हेही. थांबणं परवडत असेल तर थांबावं, असं माझं मत. बायकोचा भारतातला पगार कितीही असो, यात धरत नाहीत. फक्त बचतीवर जायचं तर ८८,५०० पौंड सहा महिने खात्यात पडून असायला हवेत, म्हणजे बहुतेकांसाठी तो रस्ता बंदच.

कंपनीच्या पत्रात चार गोष्टी हव्यात: हुद्दा, किती काळ नोकरी, पगार किती आणि तो कधीपासून, नोकरी कायम की कंत्राटी. एचआरवाले 'टू हूम इट मे कन्सर्न' छापाचं दोन ओळींचं पत्र देतात, ते परत पाठवावं. प्रत्येक पावतीवरची निव्वळ रक्कम आणि बँकेत जमा झालेली रक्कम पेनीपर्यंत जुळते का, ते पेन घेऊन तपासावं. कंपनीने प्रवासखर्च पगाराबरोबर दिला असेल तर जमा रक्कम वाढते आणि तपासणाऱ्याला कोडं पडतं. त्या महिन्यापुढे एक ओळ खुलासा लिहायचा. ऑनलाइन स्टेटमेंटवर नवऱ्याने शाखेत जाऊन पानोपानी शिक्का मारून घेतला. अंगावर काटा यावा असं काम, पण नंतर शंका राहत नाही.

घराचं काम मात्र लवकर आटपतं. भाडेकरार, घरमालकाचं 'बायको राहायला आली तर हरकत नाही' असं पत्र, कौन्सिल टॅक्सचं, म्हणजे तिथल्या घरपट्टीचं बिल. दाटीवाटी होऊ नये एवढंच बघतात, आणि त्याचं माप १९८५ च्या हाउसिंग ॲक्टमध्ये आहे: दोन खोल्यांत तीन माणसं, तीन खोल्यांत पाच, आणि खोल्यांमध्ये हॉलही धरतात. म्हणजे वन बेडरूमच्या घरात नवरा-बायको आरामात बसतात. नवरा मित्रांबरोबर राहत असेल तर कोणती खोली फक्त तुम्हा दोघांची, ते पत्रात आलं पाहिजे.

इंग्रजीची परीक्षा म्हणजे आयईएलटीएस लाइफ स्किल्स, ए१ पातळी. सोळा ते अठरा मिनिटं, फक्त ऐकणं आणि बोलणं, लिहायचं काही नाही. समोर एक परीक्षक आणि शेजारी आपल्यासारखाच एक उमेदवार. निकाल पास किंवा नापास, बँड वगैरे नाही. इंग्रजी माध्यमात शिकलेल्या मुलींना ही परीक्षा अपमान वाटते. त्यांच्यासाठी दुसरा रस्ता आहे, एकटिस या संस्थेकडून पदवीची पातळी आणि पदवीचं माध्यम अशी दोन्ही प्रमाणपत्रं मागवायची. त्यात विद्यापीठाकडून माध्यमाचं पत्र मिळवावं लागतं, आणि आपल्या विद्यापीठांच्या खिडक्या ज्यांना माहीत आहेत त्यांना पुढचं सांगायला नको. अठरा मिनिटं बोलून येणं केव्हाही सोपं. फक्त एक लक्षात ठेवायचं: शेजारच्या उमेदवाराला प्रश्न विचारणं आणि त्याचं ऐकून घेणं, हेही तपासलं जातं. आपण फाडफाड बोलत सुटलो आणि त्याला तोंडच उघडू दिलं नाही, तर ते आपल्या बाजूने जात नाही. परीक्षेचा निकाल दोन वर्षं चालतो, त्यामुळे परीक्षा आधी उरकायला हरकत नाही.

टीबीची तपासणी मात्र आधी उरकू नये. तिचं प्रमाणपत्र सहाच महिने चालतं. यूकेने मान्यता दिलेल्या ठरावीक क्लिनिकमध्येच ती होते. यादी गव्ह डॉट यूकेवर आहे. पासपोर्ट आणि यूकेतला पत्ता घेऊन जायचं, छातीचा एक्स-रे, झालं. एक्स-रेत काही अस्पष्ट दिसलं तर थुंकीची तपासणी करतात, आणि तिचा निकाल यायला दोन महिने लागू शकतात. म्हणून अर्जाच्या महिना-दोन महिने आधीचा काळ योग्य. लहानपणी टीबी होऊन गेला असेल तर जुने कागद बरोबर न्यावेत.

आता प्रेमाचा पुरावा. या भागाची सगळ्यांना धास्ती असते आणि याच भागात लोक सगळ्यांत जास्त कागद वाया घालवतात. १९९७ पर्यंत ब्रिटनमध्ये 'प्रायमरी पर्पज' नावाचा नियम होता. लग्नाचा मुख्य हेतू यूकेत राहायला येणं हा नाही, हे अर्जदाराने सिद्ध करायचं. नसलेला हेतू सिद्ध कसा करणार? त्या जूनमध्ये लेबर सरकारने तो काढून टाकला. आता विचारतात ते एवढंच, की नातं खरं आहे का आणि चालू आहे का. ठरवून केलेलं लग्न आहे म्हणून कुणी नाक मुरडत नाही. त्यांना ते चांगलं ठाऊक आहे. दोघं प्रत्यक्ष भेटलेली असली पाहिजेत, ही अट मात्र पक्की.

निर्णय घेणारा माणूस फक्त कागद बघतो. तो व्हिडिओ लावत नाही, आवाज ऐकत नाही. हे एकदा डोक्यात बसलं की काय ठेवायचं आणि काय गाळायचं ते आपोआप ठरतं. तिकडे एक आणि इकडे एक असलेल्या जोडप्याचं अर्धं नातं गाण्यांवर चाललेलं असतं. रात्री पाठवलेलं गाणं, दोघांची मिळून केलेली प्लेलिस्ट, गुणगुणून पाठवलेले व्हॉइस नोट. व्हॉट्सॲपमधून चॅट एक्स्पोर्ट करून बघा, यातलं काय उरतं ते. व्हॉइस नोटच्या जागी 'मीडिया ओमिटेड'. गाण्याच्या जागी अक्षरं-आकड्यांचा एक लांबलचक दुवा, ज्यावरून ते गाणं आहे की विजेचं बिल हेही कळत नाही. प्लेलिस्टच्या स्क्रीनशॉटवर दोन टोपणनावं, तारीख नाहीच. सगळा जीव ओतून केलेली गोष्ट पुरावा म्हणून शून्य, आणि 'जेवलीस का' हा रोजचा कंटाळवाणा निरोप तारीख-वेळेसकट लखलखीत उभा. थोडं वाईट वाटतं हे बघून, हसूही येतं.

म्हणून कॉल लॉग. एकाच वेळी दोघांनी आपापल्या घरी सिनेमा लावायचा आणि व्हिडिओ कॉल चालू ठेवायचा, हा दूर राहणाऱ्यांचा ठरलेला शनिवार. सिनेमा कुठला ते कुणी विचारत नाही. पण दर शनिवारी दोन-अडीच तासांचा कॉल, महिनोन्‌महिने, हा भक्कम पुरावा आहे. स्क्रीनशॉट काढताना समोरच्याचं नाव, तारीख आणि कालावधी तिन्ही एका चौकटीत यावेत. नाव 'बबडू' असं सेव्ह केलं असेल तर आधी ते पूर्ण नावाने बदलायचं, जमलं तर नंबरही दिसू द्यायचा.

चॅट सगळी देऊ नये. शेकडो पानं कुणी वाचत नाही. ओळख झाल्यापासून अर्जापर्यंत दर महिन्याचं एखादं पान, बस्स. पण एक बारीक गोष्ट फार जण विसरतात: एक्स्पोर्टमधली वेळ फोनच्या टाइम झोनची असते. तोच निरोप पुण्यातल्या फोनवर रात्री साडेबाराचा आणि लंडनमधल्या फोनवर आदल्या दिवशीच्या संध्याकाळी सातचा. उन्हाळ्यात फरक साडेचार तासांचा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं मागे गेली की साडेपाच. शिवाय फोनच्या सेटिंगप्रमाणे तारखेत कधी दिवस आधी येतो, कधी महिना. त्यामुळे सगळी पानं एकाच फोनवरून काढायची आणि पहिल्या पानावर 'वेळा भारतीय' असं लिहायचं. निरोप मराठीत असतील, आणि असणारच, तर त्या पानांचं भाषांतर जोडायचं. त्यावर भाषांतर अचूक असल्याचं विधान, तारीख, भाषांतरकाराचं पूर्ण नाव, सही आणि संपर्क हवा. निवडक पानं देण्याचं हे दुसरं कारण. भाषांतरकार पानागणिक पैसे घेतो.

कॉन्सर्टचं किंवा सिनेमाचं तिकीट टाकायचं असेल तर एकटं टाकू नये. तिकिटावर घेणाऱ्याचं एकट्याचंच नाव असतं. तिकिटाचा ईमेल, त्याच तारखेचा कार्डाचा व्यवहार आणि त्याच कार्यक्रमातला दोघांचा फोटो, असे तिन्ही एका पानावर लावले की त्याला अर्थ येतो. विमानाच्या तिकिटाचंही तसंच: बोर्डिंग पास आणि पासपोर्टवरचा शिक्का शेजारी शेजारी. लग्नाचे फोटो वीसेक पुरे, प्रत्येकाखाली तारीख, ठिकाण आणि कोण कोण आहे ते. मुंडावळ्या बांधलेले एकट्याचे पोर्ट्रेट गाळून दोन्हीकडचे आईवडील, आजी, मित्रमंडळी दिसतील असे घ्यायचे. लग्नाआधीचे आणि नंतरचेही हवेत. एकाच दिवसाचे दोनशे फोटो म्हणजे एकाच दिवसाचा पुरावा.

दोघांनी एकेक पत्र लिहिलं: कसं ठरलं, कधी भेटलो, पुढचा विचार काय. नियमात हे सक्तीचं नाही, पण बाकीचे कागद त्या पत्राच्या धाग्यावर ओवले जातात. पान-दीड पान पुरे. कविता नको.

फॉर्म ऑनलाइन आहे आणि लांब आहे. प्रवासाचा दहा वर्षांचा इतिहास, आईवडिलांच्या जन्मतारखा (आजीच्या पिढीने शाळेत घालताना जूनमधली लावलेली असते, जी कागदावर आहे ती लिहायची), आपसात कोणती भाषा बोलता, किती वेळा आणि कसा संपर्क ठेवता. एका चौकटीशी मात्र हमखास हात थबकतो: 'नातं कधी सुरू झालं?' प्रेमविवाहवाल्यांचंही नक्की नसतं, पण ठरवून लग्न केलेल्यांनी काय लिहायचं? बायोडेटा आला तेव्हा? पाहण्याच्या कार्यक्रमात? होकार कळवला तेव्हा की साखरपुड्याला? कायद्याचं याला एक उत्तर नाही. आम्ही होकाराची तारीख धरली, कारण रोजचे फोन तिथून सुरू झालेले दिसत होते. कुठलीही धरा, पण फॉर्म, दोघांची पत्रं आणि फोटोंखालच्या ओळी, सगळीकडे तीच आली पाहिजे. प्रत्यक्ष पहिल्यांदा कधी भेटलो आणि शेवटचं कधी भेटलो, या तारखा पासपोर्टच्या शिक्क्यांवरून पडताळून घ्याव्यात. स्मरणावर भिस्त ठेवू नये.

फॉर्म भरून झाला की लगेच पैसे भरू नयेत. अर्जाची तारीख म्हणजे फी भरल्याची तारीख, आणि पगाराची शेवटची पावती व बँक स्टेटमेंट त्या तारखेच्या आधीच्या २८ दिवसांतलं असावं लागतं. सगळ्यांत सोयीचा दिवस म्हणजे पगार जमा होऊन, पावती हातात येऊन, स्टेटमेंट निघालं की त्याच आठवड्यातला.

रक्कम बघून पोटात गोळा येतो. २०२५ मध्ये व्हिसाची फी १,९३८ पौंड होती. त्याच्या आधी आरोग्य अधिभार, म्हणजे आयएचएस: वर्षाला १,०३५ पौंड. व्हिसा ३३ महिन्यांचा असतो, दोन वर्षांवरचे नऊ महिने पूर्ण वर्ष धरतात, म्हणून ३,१०५. एकूण ५,०४३ पौंड, त्यात परीक्षा, टीबी, भाषांतर धरलेलं नाही. कार्ड कुणाचंही चालतं. भारतातल्या कार्डाची परदेशी व्यवहाराची मर्यादा आधी वाढवून घ्या, नाहीतर आयएचएस जातं आणि फीच्या वेळी कार्ड नाकारलं जातं. होम ऑफिस, म्हणजे ब्रिटनचं गृहखातं, विनिमय दर स्वतःचा लावतं, तो बाजारापेक्षा चढा पडतो. व्हिसा नाकारला तर आयएचएस परत मिळतं, फी नाही. ५०० पौंड जास्त भरले की 'प्रायॉरिटी' मिळते, निर्णयाचं उद्दिष्ट ३० कामाचे दिवस. साध्या अर्जाला १२ आठवडे. कागद स्वच्छ असतील आणि घाई नसेल तर त्या ५०० पौंडांत तिथे पलंग आणि गादी येते, असा हिशेब आम्ही केला.

कागद व्हीएफएसच्या, म्हणजे व्हिसाचे अर्ज स्वीकारणाऱ्या कंपनीच्या साइटवर स्वतः चढवता येतात. प्रत्येक गठ्ठ्याची एक पीडीएफ, नावात क्रमांक आणि विषय, फाइल हलकी. केंद्रावर स्कॅन करून देतात, पण त्याचे वेगळे पैसे. अपॉइंटमेंटला पासपोर्ट, अपॉइंटमेंटचं पत्र, टीबीचं प्रमाणपत्र. दहा बोटांचे ठसे आणि फोटो, काम थोडक्यात संपतं, प्रश्न कुणी विचारत नाही. नव्या नवरीसाठी एक सूचना: बोटांच्या टोकांवर मेंदी नको. ठसे उठत नाहीत आणि परत पाठवतात. चुलत बहिणीच्या लग्नाच्या आठवड्यात अपॉइंटमेंट घेतलीच असेल तर मेंदी तळहातावर थांबवायची, बोटांची पेरं कोरी. चिरलेलं बोट, सोललेली कातडी, यांचाही हाच त्रास.

मग काही करण्यासारखं नसतं. 'व्हिसा आला का गं?' हा प्रश्न दूधवाल्यापासून सासूबाईंपर्यंत सगळे विचारतात. पासपोर्ट तिकडे अडकलेला, नोकरीचा राजीनामा द्यावा की नाही ते कळत नाही. राजीनामा निर्णयाआधी देऊ नये, विमानाचं तिकीटही काढू नये, हे ठाम सांगेन. ईमेल पाठवून स्थिती विचारायची सोय आहे, तिला पैसे पडतात आणि उत्तर येतं ते 'अर्ज विचाराधीन आहे'. आमचा निर्णय सप्टेंबरच्या सुरुवातीला आला. ईमेलमध्ये निर्णय झाला आहे एवढंच होतं, काय झाला ते पासपोर्टचं पाकीट फोडल्यावर कळलं. ते पाकीट घरी आणेपर्यंत कुणाला धीर धरवला नाही, केंद्राबाहेरच्या पायऱ्यांवरच फोडलं.

पासपोर्टवरचं स्टिकर ९० दिवसांचं होतं. त्या मुदतीत पोचायचं. पूर्वी तिथे पोचल्यावर बीआरपी नावाचं कार्ड घ्यायला पोस्टात जावं लागे. ती कार्डं २०२४ अखेर संपली. आता सगळं ई-व्हिसात, म्हणजे ऑनलाइन नोंदीत. यूकेव्हीआय या तिथल्या व्हिसा विभागाचं ऑनलाइन खातं निघण्याआधीच उघडावं आणि त्यातलं नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक तपासावा. ३३ महिन्यांची शेवटची तारीख तिथेच दिसते. सामानात तूप, पेढे, खवा घालू नये. भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. विमानतळावर भारतीय पासपोर्टला ई-गेट नाही, रांगेत उभं राहून अधिकाऱ्याला भेटायचं. टीबीचं प्रमाणपत्र आणि दाखल्याची प्रत हातातल्या पिशवीत.

पोचल्यावर लगेच लागतो तो शेअर कोड, म्हणजे आपला ई-व्हिसा दुसऱ्याला ऑनलाइन तपासता यावा म्हणून द्यायचा कोड. नऊ अक्षरं-आकडे, ९० दिवस चालतो. नोकरी देणाऱ्याला दाखवायचा 'डब्ल्यू' ने सुरू होतो, घरमालकाला द्यायचा 'आर' ने. एकाचा दुसऱ्याला चालत नाही. नोकरीत पगार आणि करासाठी लागणारा नॅशनल इन्शुरन्स नंबर ऑनलाइन अर्जावर फुकट मिळतो. जीपीकडे, म्हणजे भागातल्या सरकारी डॉक्टरकडे नाव नोंदवायलाही पैसे नाहीत, आयएचएस त्यासाठीच भरलं. इंग्लंडमध्ये औषधाला मात्र चिठ्ठीतल्या प्रत्येक नगामागे ९.९० पौंड, आणि दातांचा खर्च वेगळा, म्हणून दाढ भरायची असेल तर निघायच्या आधीच भरून घ्या. टीव्ही लायसन्सचं पत्र पहिल्याच महिन्यात येतं. २०२५ मध्ये ते वर्षाला १७४.५० पौंड होतं. कुठल्याही चॅनेलवर किंवा ॲपवर लाइव्ह प्रक्षेपण बघत असाल, किंवा बीबीसी आयप्लेअर वापरत असाल, तर ते घ्यावं लागतं. लाइव्ह क्रिकेट त्यात आलं. नेटफ्लिक्सवर साठवलेल्या मालिका बघण्यापुरतं लागत नाही. तसं त्यांच्या साइटवर कळवून टाकायचं, म्हणजे पत्रं थांबतात.

ती पत्रं फेकू मात्र नयेत. पुढच्या मुदतवाढीला एकत्र राहत असल्याचा पुरावा लागतो: दोन वर्षांत विखुरलेली सहा पत्रं, किमान तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेली, दोघांच्या नावे एकाच पत्त्यावर. दोघांच्या नावे नसतील तर दोघांची वेगवेगळी, पत्ता तोच. नवरा एकटा राहत होता तेव्हा त्याला कौन्सिल टॅक्समध्ये २५ टक्के सवलत असते. बायको आल्यावर ती जाते, आणि ते कौन्सिलला आपणच कळवायचं असतं. बिल वाढतं खरं, पण सुधारित बिलावर दोघांची नावं येतात, आणि पहिलं पत्र तिथेच मिळतं. वीज, पाणी आणि बँकेचं जॉइंट खातं त्याच महिन्यात दोघांच्या नावे करून टाकावं. टू टुगेदर रेलकार्ड ३५ पौंडांना मिळतं, त्यावर दोघांचे फोटो असतात आणि दोघं बरोबर प्रवास करत असतील तर तिकीट एकतृतीयांशाने स्वस्त होतं, सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊनंतर. सहा पत्रांत ते धरत नाहीत, पण दुसऱ्या गावच्या कॉन्सर्टला जायला एका फेरीतच निम्मे पैसे वसूल होतात.

मुदतवाढीचा अर्ज व्हिसा संपायच्या आधीच्या २८ दिवसांत. तेव्हा इंग्रजीची पातळी ए२ लागते, फी २०२५ च्या दराने १,३२१ पौंड आणि अडीच वर्षांचं आयएचएस २,५८७.५० पौंड. महिन्याला सव्वाशे पौंड बाजूला टाकायला लागलं तर तोवर जमतात.